कॉम्प्युटरमधली बाई

दोंडाईचा
२ जुलै २०२५

निंबा,

जय जिनेंद्र. सुनंदावहिनींच्या गुडघ्याचं काय झालं ते तू मागच्या पत्रात अर्धवट सोडलंस, ते आधी कळव.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर आपण दोघं "जेवलास का" याच्या पुढे कधी जात नाही. शिवाय आमचा फोन घरात सगळ्यांसमोर वाजतो, आणि जे विचारायचंय ते सगळ्यांसमोर विचारायची मला लाज वाटते.

रोनकने दुकानात नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना घरी माझ्या खोलीत आणून ठेवला. तो फार हळू चालतो. काहीही उघडायला गेलं की ते गोल चाक फिरत बसतं. मी अंघोळ करून येतो, तरी फिरतंच असतं. एक अक्षर दाबलं की ते यायला वेळ लागतो, म्हणून मी पुन्हा दाबतो, मग दोन्ही येतात. रोनकला एकदा सांगितलं. तो म्हणाला, "पप्पा, तुम्हाला कशाला लागतो कॉम्प्युटर?" पोरगा वाईट नाही, दुकानाच्या घाईत होता. पण पोरांकडे एखादी गोष्ट दुसऱ्यांदा मागायला मला फार जड जातं.

कशाला लागतो ते तुला सांगतो, हसू नकोस. या वर्षी संवत्सरीची पत्रं मला कॉम्प्युटरवर लिहायची आहेत. वर्षभरात ज्यांना दुखावलं असेल त्यांची क्षमा मागायची ही पत्रं मी आजवर हातानंच लिहीत आलो. त्यातलं एक दरवर्षी तुझ्याकडे येतं. पण आता हात कापतो. बॉलपेन धरवत नाही म्हणून हे पत्रही जाड पेननं लिहितोय.

संवत्सरी ऑगस्टच्या शेवटी आहे. त्याआधी यंत्र जरा पळायला लागलं तर पत्रं माझी मला लिहिता येतील. तुझ्या कॉलनीत कुणाचाही कॉम्प्युटर बिघडला की तुलाच बोलावतात म्हणे. मी काय करू ते लिहून पाठव. आणि हे कुणाजवळ बोलू नकोस.

तुझा,
दलिचंद


जळगाव
८ जुलै २०२५

दलिचंदशेठ,

सुनंदाचा गुडघा तसाच आहे आणि ती डॉक्टरकडे जात नाही. झालं समाधान?

हसू नकोस म्हणालास, म्हणून पत्र तिला वाचून दाखवलं आणि दोघं मिळून हसलो. अरे, छापील कार्ड पाठवणाऱ्या तुझ्या भाऊबंदांना तू काय काय बोलायचास. "छापलेली क्षमा म्हणजे लग्नपत्रिकेतलं 'माझ्या मामाच्या लग्नाला यायचं हं'," हे तुझेच शब्द. आता स्वतःच यंत्राकडे वळलास. आणि तुझं अक्षर कधीपासून दुकानाच्या पाटीएवढं झालं? एका पानावर धड दहा ओळी नाहीत, त्याही तिरक्या. नातवाच्या दप्तरातलं स्केचपेन ढापलंस वाटतं.

असो. पाइप कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी नोकरी केली ती फुकट नाही. कॉम्प्युटर हळू झाला की लोक लगेच नवा घ्यायला धावतात. खरं तर त्याला फक्त झाडलोट हवी असते. आधी तो रोज नीट बंद करत जा, म्हणजे स्टार्टमध्ये जाऊन शटडाउन. मग रिसायकल बिन रिकामा कर. आपण टाकलेला कचरा तिथेच साचून असतो, घराबाहेर गेलेला नसतो. तात्पुरत्या फायली साफ करायला डिस्क क्लीनअप असतं, ते चालव. ड्राइव्ह गच्च भरला असेल तर रोनकची जुनी बिलं पेन ड्राइव्हवर काढायला सांग. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढ, दोघं एकमेकांवरच पहारा करतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्टार्टअपची यादी. कॉम्प्युटर सुरू झाला की जे जे आगंतुक आपोआप जागे होतात, त्यांची नावं तिथे असतात. ओळखीची नसतील ती बंद कर. यादी बारीक अक्षरात असते, सावकाश वाच. शेवटी डबा उघडून पंख्यावरची धूळ काढ.

केलंस की कळव. अक्षर लहान काढ, कागदाची उधळपट्टी व्यापाऱ्याला शोभत नाही.

निंबा


दोंडाईचा
१६ जुलै २०२५

निंबा,

पहिली लाजेची गोष्ट आधी सांगून टाकतो. तू म्हणालास रोज नीट बंद कर. मी रोजच बंद करत होतो, पण फक्त पडदा. खालचा डबा इतके महिने रात्रंदिवस चालूच होता. जिनलने दाखवलं तेव्हा कळलं. तो खरोखर बंद केला तेव्हा खोली एवढी शांत झाली की मला वाटलं वीज गेली. सून हसली नाही, ही तिची भलाई.

रिसायकल बिन रिकामा केला. रोनकची बिलं जिनलने काढून दिली. थोडा फरक आहे, पण चाक अजून फिरतंच. यादीचं मात्र राहू दे. ती वाचत बसायला मला वेळ नाही.

धुळीचंही अडलंय. जिनल म्हणते, डब्याच्या जाळीआड कोळ्याचं घर आहे. दुकानात ब्लोअर आहे, पण चातुर्मास लागलाय, आता तर मी मुंगीसुद्धा ओलांडून जातो. क्षमेची पत्रं लिहायची म्हणून आधी कोळी मारायचा, हे माझ्यानं होणार नाही. घरात पूंजणी आहे. बसायच्या जागेवरचे जीव हळूच बाजूला सारायला आमच्याकडे ती लोकरीची मऊ झाडणी असते. तिनं झाडलं तर यंत्राला चालेल का?

हसायला तुला आणखी एक कारण दिलं.

दलिचंद


जळगाव
२१ जुलै २०२५

दलिचंद,

यादी वाचायला वेळ नाही म्हणे. मिरचीचं दुकान पोरगा बघतो, तू दिवसभर खोलीत बसतोस, मग वेळ जातो कुठे? आळस म्हण की सरळ.

तुझ्यानं काही होणार नाही. रविवारी सकाळच्या गाडीनं मीच येतो. पूंजणी काढून ठेव, चालेल. एक खोडरबरही लागेल. जिनलला म्हणावं, कढीत साखर घालू नकोस.

निंबा


जळगाव
३० जुलै २०२५

दलिचंद,

सुखरूप पोहोचलो. गाडी अमळनेरला रखडली, जिनलने बांधून दिलेल्या खाखऱ्यांनी तारलं.

त्या दिवशी घाईत निघालो, म्हणून काय काय केलं ते लिहून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल. पंखा तुझ्या पूंजणीनं झाडला. पूंजणीनं कॉम्प्युटर साफ करणारा मीच पहिला असेन. कोळ्याला कागदावर घेऊन मोगऱ्याच्या कुंडीत सोडलं. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरनं घासले आणि परत बसवली. तेवढ्यानंच अर्धं काम झालं होतं.

पण खरा रोग वेगळाच निघाला. यंत्र सुरू झालं की एक बाई बोलायला लागायची. बाण नेऊ तिथलं मोठ्यानं वाचायची, दाबलेलं प्रत्येक अक्षर बोलून दाखवायची. असला व्हायरस मी जन्मात पाहिला नव्हता. दुसऱ्या कशानं तरी अक्षरं एवढी फुगवली होती की पडद्यावर चार शब्द मावेनात. असली दोन भुतं मानेवर घेऊन ते बिचारं पळणार कसं? दोन्ही मुळासकट काढली. अक्षरं माणसांच्या मापाची केली. आता बघ, घोड्यासारखं धावतंय.

तू मध्येच "ऱ्हाऊ दे ना भो" म्हणालास. मी म्हणालो, "तू गप बठ, तुले काय समजस?" शाळेपासूनची आपली बोलायची रीत. जिनल दारात उभी होती, ती वळून आत गेली. माझं अहिराणी ऐकून हसू आलं असेल तिला.

एक गोष्ट मात्र मला लागली, ती सांगतोच. मी एवढ्या लांबून आलो, घाम गाळला, आणि तू सगळा वेळ खिडकीकडे तोंड करून बसलास. "तिकडे काय देखी राहिना, आठे देख," असं मी किती वेळा म्हणालो. शेवटी एक ओळ टाइप कर म्हटलं, तर जे उमटलं ते वाचून मला हसू आवरेना. शुद्धलेखनात वर्गात पहिला येणारा तू. जिनलला मुद्दाम हाक मारून दाखवलं मी ते.

स्टेशनवर जाता जाता दुकानात रोनक भेटला. त्याला म्हटलं, "तुझ्या वडिलांचं हल्ली कशात लक्ष नाही, त्यांना दुकानाच्या उरल्यासुरल्या कामातूनही आता मोकळं कर." भलं व्हावं म्हणूनच बोललो. खिडकीत कोण दिसत होतं ते कळव, आणि रागावला असशील तर तेही.

निंबा


दोंडाईचा
९ ऑगस्ट २०२५

निंबा,

कॉम्प्युटर आता पटकन सुरू होतो. तू फार मेहनत घेतलीस. रागावलो नव्हतो. घरी आलेल्या माणसाला वाईट वाटलं याची मात्र लाज वाटते.

पत्रांचं बघतो.

दलिचंद


जळगाव
६ सप्टेंबर २०२५

श्री. दलिचंद यांस,

संवत्सरी होऊन गेली. गणपती बसले आणि आज गेलेसुद्धा. तुझं पत्र आलं नाही. पोस्टमन कॉलनीत शिरला की मी फाटकाशी जायचो आणि रिकाम्या हातानं परत यायचो. सुनंदाला सांगायचो, टपालाला उशीर होतोय.

काल आलं ते काय? तुमच्या दुकानाच्या नावाचं कार्ड. सोनेरी अक्षरं, खाली "समस्त परिवार". आत तुझी सहीसुद्धा नाही. नोकरीसाठी दोंडाईचा सोडलं त्या वर्षापासून तुझं हातचं पत्र एकदाही चुकलं नव्हतं. मी तुमच्या धर्माचा नाही, तरी त्या पत्रात माझं नाव असायचं, आणि खरं सांगायचं तर गल्लीत मी ते मिरवायचो.

हात कापतो म्हणालास, म्हणून एक दिवस घालवून यंत्र तयार करून दिलं. घोड्यासारखं धावणाऱ्या यंत्रावर तुला माझ्यासाठी चार ओळी लिहवल्या नाहीत. त्या दिवशी खिडकीकडे बघत बसलास तेव्हाच मी समजायला हवं होतं. जळगावचा कारकून घरात येऊन शहाणपणा शिकवतो, हे शेठला रुचलं नसणार.

तर यापुढे पत्राची तसदी घेऊ नये. कार्डाचीही नको.

निंबा पाटील


दोंडाईचा
१२ सप्टेंबर २०२५

आदरणीय निंबाकाका,

सादर प्रणाम. मी जिनल, रोनकची बायको. पप्पाजींना न विचारता हे पत्र लिहिते आहे. त्यांना दिलेला शब्द मी यात मोडणार आहे, म्हणून आधी त्यांची आणि मग तुमची क्षमा मागते.

पप्पाजींना दिसत नाही, काका. अगदी अंधार नाही, पण डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. डोळ्याचा मधला भाग गेला आहे आणि तो परत येणार नाही, असं धुळ्याच्या डॉक्टरांनी या वर्षीच सांगितलं. जे समोर असतं त्यावर डाग येतो, कडेचं तेवढं दिसतं. हात कापतो ते खोटं होतं. हात अजून चांगले आहेत. हे फक्त मला माहीत आहे, कारण दवाखान्यात मी सोबत होते. ह्यांना कळू द्यायचं नाही, असा शब्द त्यांनी तिथेच माझ्याकडून घेतला. गोदामातल्या मिरचीचा नमुना रोज सकाळी ताटातून घरी यायचा आणि भाव पप्पाजी सांगायचे. डोळे गेले हे कळलं तर ते ताट बंद होईल, ही त्यांना भीती होती. वासावरून, हातात मिरची मोडून ते भाव सांगत होते आणि एकदाही चुकले नव्हते.

कॉम्प्युटरमधली ती बाई मी बसवली होती. अक्षरंही मीच मोठी केली होती. उन्हाळाभर दुपारी दार लोटून पप्पाजी शिकत होते. बाईनं अक्षर सांगायचं, त्यांनी पुढचं दाबायचं. यंत्र हळू होतं, बाई मागे राहायची, ते पुढे जायचे, सगळी गडबड व्हायची. म्हणून त्यांनी तुम्हाला विचारलं. "इतरांची पत्रं तू लिहिलीस तरी चालेल, पण निंबाचं माझं मीच लिहीन," असं म्हणायचे.

तुम्ही आलात त्या दिवशी बाईला काढायला लागलात, तेव्हा मी सांगायला पुढे आले होते. पप्पाजींनी मला हातानंच थांबवलं. तुम्ही मला हाक मारून ती ओळ दाखवलीत तेव्हा मला हसू नव्हतं आलं, काका. मी आत जाऊन रडले.

तुम्ही गेल्यावर मी म्हटलं, परत बसवते. नको म्हणाले. "निंबाला व्हायरस वाटला ना. तो पुन्हा आला आणि त्यानं विचारलं तर काय सांगू?" ऑगस्टमध्ये नजर आणखी उतरली, तरी तुमचं संवत्सरीचं पत्र त्यांनी जाड पेननं लिहायला घेतलं. ओळीवर ओळ चढली. मला वाचायला दिलं, मला वाचता आलं नाही, आणि ते माझ्या तोंडावरून त्यांना कळलं. तो कागद त्यांनी फाडला. छापील कार्ड ह्यांनी दुकानाच्या सगळ्या पत्त्यांवर पाठवलं, त्यात तुमचाही पत्ता होता.

तुमची पत्रं पप्पाजींना मीच वाचून दाखवते, जुलैपासून सगळी. परवाचंही मीच वाचलं. मध्ये थांबले तर म्हणाले, "पूर्ण वाच." शेवटपर्यंत वाचलं. ते म्हणाले, "बरोबर आहे त्याचं," आणि तोंड पुसायला उठले. तुमचं ह्यांच्याशी दुकानात बोलणं झालं, त्या दिवसापासून मिरचीचं ताट घरी येत नाही. पप्पाजी सकाळी अजून खुर्चीत तयार होऊन बसतात.

मी लहान आहे. कमी-जास्त लिहिलं असेल तर पोटात घाला.

आपली,
जिनल


जळगाव
१८ सप्टेंबर २०२५

चि. जिनल,

तुझं पत्र वाचलं. सोबतच्या पेन ड्राइव्हमध्ये दलिचंदसाठी पत्र आहे. ती बाई आधी परत बसव, अक्षरंही पहिल्यासारखी मोठी कर. मग माझं पत्र तिच्याकडून त्याला ऐकव, तू वाचू नकोस. तुझ्या तोंडून मी त्याला आजवर पुष्कळ बोललो. तूही तिथेच बस मात्र. अपमान तुझ्यासमोर केला, तर हेही तुझ्यासमोर व्हायला हवं.

काका


(पेन ड्राइव्हमधलं)

दलिचंद,

ही जी बोलते आहे तिला मी मुळासकट काढलं होतं. आज माझी लाज तीच वाचून दाखवते आहे.

जिनलचं पत्र आल्यापासून घराबाहेर पडलेलो नाही. शेजारचे चंदनराव त्यांचा कॉम्प्युटर हळू झालाय म्हणून बोलवायला आले होते. मला जमत नाही म्हणून सांगितलं. सुनंदाला काय झालं ते सांगताना माझ्याच्यानं तिच्याकडे बघवेना. ती म्हणाली, "भाऊजींनी एकदा राहू द्या म्हटलं होतं ना, तेव्हा तुम्ही का नाही थांबलात?" याचं उत्तर मी तिच्याऐवजी तुला देतो. मी थांबलो नाही, कारण शाळेत सगळं तुला यायचं आणि मला काहीच यायचं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला येत होतं आणि तुला येत नव्हतं. मला ते आवडत होतं, दलिचंद. मदतीला आलो होतो हे खरं, पण ते आवडत होतं हेही खरं.

या बाईला मी माझ्याही कॉम्प्युटरवर बसवलं. डोळ्यांवर टॉवेल बांधून तुझं नाव लिहायला घेतलं. द ऐवजी ध, मग खोडायला गेलो तर सगळंच गेलं. बाई बोलते त्याच्यापुढे हात पळतो, मग ती काय म्हणाली ते आठवत नाही. सकाळ गेली आणि एक ओळही धड झाली नाही. टॉवेल काढला तर जे उमटलं होतं ते हुबेहूब तू त्या दिवशी लिहिलेल्या ओळीसारखं होतं, ज्याला मी हसलो आणि सुनेला हाक मारून दाखवलं. पुढचं हे सगळं मी डोळे उघडे ठेवून लिहिलंय. तेवढीच माझी तयारी.

तुझी पत्रं दरवर्षी आली. "वर्षभरात जाणता-अजाणता मन दुखावलं असेल तर खमत-खामणा." मी ती वाचायचो, मिरवायचो आणि टीव्हीखालच्या खणात ठेवायचो. उलट तसं पत्र एकदाही लिहिलं नाही. ही तुमची रीत, आपण कशाला, असं वाटायचं. खरं तर मला कुणाची क्षमा मागायची असेल, हेच कधी मनात आलं नाही.

आज लिहितो, आणि अजाणता हा शब्द त्यात घालत नाही. तुझ्या अक्षराला पाटी म्हणालो. तुला आळशी म्हणालो. सुनेसमोर गप्प बसवलं. पोराला जाऊन सांगितलं की बापाचं लक्ष नाही, आणि तुझं मिरचीचं ताट बंद केलं. मग तुझंच पत्र आलं नाही म्हणून तुझ्याशी नातं तोडायला निघालो, आणि तेही तुला सुनेच्या तोंडून ऐकावं लागलं.

रोनकला काय सांगायचं, सांगायचं की नाही, ते तू ठरव. मी आता मध्ये तोंड घालणार नाही. तू म्हणशील तर मात्र त्याच्यापुढे येऊन उभा राहीन आणि चूक माझी होती म्हणेन.

मिच्छामि दुक्कडम्. तुमचा शब्द आहे, मला म्हणायचा अधिकार आहे की नाही माहीत नाही. माझ्याकडे दुसरा नव्हता.

निंबा


दोंडाईचा
३० सप्टेंबर २०२५

निंबा,

जय जिनेंद्र. हे पत्र माझं मी टाइप केलंय. बाई वाचत गेली, मी सुधारत गेलो. जिनलने फक्त छापून पाकिटात घातलं. चुका राहिल्या असतील त्या माझ्या आहेत, तिच्या नाहीत.

तुझं पत्र ऐकलं. या बाईला दोंडाईचा नीट म्हणता येत नाही आणि रडता तर मुळीच येत नाही, बातम्या दिल्यासारखं वाचत गेली. तेच बरं झालं. दुसऱ्या कुणी वाचलं असतं तर मला शेवटपर्यंत बसवलं नसतं.

क्षमा मागायला अधिकार लागत नाही, तेवढं मला माहीत आहे. मीही मागतो. हात कापतो असं मी तुला खोटं लिहिलं. तुला कळलं असतं तर तू हसला नसतास, तू लगेच आला असतास आणि माझ्यासमोर जपून बोलायला लागला असतास. त्याचीच मला जास्त लाज वाटत होती. सगळ्यांनी जपून बोलावं आणि तूही, हे मला नको होतं. म्हणून त्या दिवशी जिनलला थांबवलं. तू "गप बठ" म्हणालास ते मला लागलं, पण घरात तसं बोलणारं आता दुसरं कुणी नाही.

रोनकला मीच सांगितलं. तू येऊ नकोस त्यासाठी. त्यानं खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाला, "इतके दिवस भाव कसा सांगत होतात?" मी म्हटलं, मिरची दे, मोडून दाखवतो. दुसऱ्या दिवशी ताट परत आलं. लाज अजून गेलेली नाही, सून पानात काय कुठे वाढलंय ते सांगते तेव्हा आणि पायरी चुकते तेव्हा ती येतेच. पण लपवायचं काम संपलं. त्या कामाला फार मेहनत पडत होती.

कॉम्प्युटर पुन्हा हळू झालाय. बाई परत आली, अक्षरं फुगली, चाक फिरू लागलं. तू घासलेल्या पट्टीमुळे पहिल्याएवढं नाही फिरत. राहू दे तसंच. मलाही आता घाई नाही.

दिवाळीनंतर ये. तू विचारलं होतंस, खिडकीत कोण दिसत होतं. त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. समोरच्या माणसाकडे सरळ बघितलं की त्याच्या चेहऱ्यावर तो डाग येतो. नजर जरा बाजूला नेली तर चेहरा कडेनं दिसतो. त्या दिवशी तू माझ्या उजव्या हाताला बसला होतास, आणि खिडकी तुझ्या जरा पलीकडे, बाजूला होती. मी खिडकीकडे नव्हतो बघत, निंबा. तुला बघत होतो.

तुझा,
दलिचंद